तिसरी ओळ

त्या रविवारी सकाळी अकरा वाजता आईच्या जेवणाच्या टेबलावर दोन कागद पालथे पडले होते आणि दोन्ही धाकटीनेच आणले होते. एक अपघाताचा अहवाल, दुसरा तिचा मुख्याध्यापिकापदाचा राजीनामा. उद्या दहाच्या आत अहवाल शिक्षण खात्यात पोचवायचा होता, म्हणून त्याआधी दोहोंपैकी एकावर अध्यक्षांची सही व्हायलाच हवी होती. कशावर, ते ठरवायला शाळेची कार्यकारिणी जमली होती. कार्यकारिणी म्हणजे तरी कोण? अध्यक्ष मामा, दादा, वहिनी आणि आई. घरात कुणाचं लग्न निघालं असतं तरी हेच चौघं याच टेबलाशी बसले असते, आणि भांडले असते तेही याच क्रमाने.

"सगळे हजर?" आईने विचारलं.

पाच माणसांत हजेरी घ्यायची काय गरज, असं आता कुणी विचारत नसे. सत्तरीला टेकेपर्यंत जिने शाळेची मुख्याध्यापिका म्हणून दिवस काढले, तिला निवृत्त होऊन चौदा महिने झाले तरी हजेरी सुटत नाही. मामा म्हणाला, "हजर, ताई." दादाने हात वर केला. तो दातांचा डॉक्टर, संस्थेचा सचिव आणि आईच्या धाकात वाढलेला थोरला मुलगा, त्यामुळे हात वर करताना त्याला स्वतःलाही हसू आलं नाही. वहिनी शाळेत तिसरीचा वर्ग घेई, कार्यकारिणीत शिक्षकांच्या वतीने बसे आणि बसल्यावर सहसा तोंड उघडत नसे. आजही ती बिस्किटांची बशी उगाच सरळ करत होती.

"तू?" आई धाकटीकडे वळली.

"हजर," धाकटी म्हणाली. "आणि आज मी बोलणार आहे, आई. मध्ये अडवायचं नाही."

आईने चष्मा पुसायला घेतला. तिच्या हाताशी चाव्यांचा जुडगा होता. तेवीस चाव्या, एका जाड पितळी कडीत. घरात असली तरी ती तो हातभर अंतरापलीकडे कधी ठेवत नसे.

प्रकरण असं होतं. बारा दिवसांपूर्वी, मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला भूगोलाच्या बाईंना नकाशे हवे होते. नकाशे गुंडाळून वरच्या मजल्यावरच्या उंच कपाटाच्या डोक्यावर ठेवलेले असतात. बाईंनी बाक ओढला, बाकावर स्टूल ठेवलं, स्टुलावर त्या चढल्या. स्टुलाचा एक पाय तोकडा होता. बाई पडल्या त्या थेट कमरेवर. मनगट गेलं, खुब्याचं हाड गेलं, शस्त्रक्रिया झाली. आणखी तीन महिने तरी त्या शाळेत येणार नव्हत्या. धाकटी रोज संध्याकाळी दवाखान्यात जाऊन येई. पहिल्या संध्याकाळी गुंगीतून जाग्या होता होता बाईंनी तिला विचारलं होतं, "नकाशे फाटले नाहीत ना?" तेवढं एक वाक्य घेऊन धाकटी घरी आली आणि तिला जेवण गेलं नाही.

मामाने खिशातून स्वतःचा कागद काढला. त्याची उभी हयात विमा कंपनीत गेली होती आणि अपघात म्हटला की तो दहा वर्षांनी तरुण होई. "मी मसुदा केलाय. चार ओळी. 'संबंधित शिक्षिकेने परवानगी न घेता बाकावर स्टूल ठेवून चढण्याचा प्रयत्न केला. सदर अपघात त्यांच्या निष्काळजीपणामुळे घडला.' झालं. खोटं काही नाही यात."

"शिडी कुठे होती ते नाही त्यात," धाकटी म्हणाली.

"कुणी विचारलंय?"

"अहवालात रकानाच आहे, मामा. 'सुरक्षित साधन उपलब्ध होते काय.' तुम्ही तो कोरा सोडलाय."

"कोरा रकाना कधी कुणाला चावत नाही, धाकटे. भरलेला चावतो. झाकली मूठ सव्वा लाखाची." मामाने बिस्कीट चहात बुडवलं. "बाईंची रजा आपण सांभाळून घेऊ. आपलीच माणसं आहेत. पण कागदावर चूक एकाची असते, आणि जो पडला त्याची असते."

"हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मग चोर कोण?" मामा म्हणाला, आणि म्हणून गेल्यावर त्यालाच ते नकोसं झालं, कारण टेबलाभोवतीच्या सगळ्यांची नजर एकदम त्या पितळी कडीवर गेली आणि तितक्याच झटक्यात दुसरीकडे वळली.

शिडी होती. चांगली लोखंडी, रबरी पायांची, सात पायऱ्यांची शिडी शाळेच्या सामानाच्या खोलीत होती. खोलीला कुलूप होतं. कुलपाची चावी शाळेत नव्हती. ती शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर, या घरात, या टेबलावर होती. मुख्याध्यापिका बदलली, खुर्ची बदलली, फाटकावरची पाटीही बदलली, चाव्या मात्र आईबरोबर घरी आल्या. आईने त्या दिल्या नाहीत आणि धाकटीने मागितल्या नाहीत. चौदा महिने.

दादाने घसा साफ केला. "धाकटे, तू लिहिलंयस काय ते तर वाच."

धाकटीने पहिला कागद सुलटा केला. "'शिडी कुलूपबंद खोलीत होती. त्या खोलीची चावी शाळेत उपलब्ध नव्हती. त्यामुळे शिक्षक बाक आणि स्टूल वापरत असत आणि हे मुख्याध्यापिकेला माहीत होते. अपघाताची जबाबदारी मुख्याध्यापिका म्हणून माझी आहे. शिक्षिकेची कोणतीही चूक नाही. त्यांची इजा कामावर असताना झालेली इजा म्हणून धरावी.'"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हा अहवाल नाही," मामा म्हणाला. "हा कबुलीजबाब आहे. यावर मी सही केली तर उद्या तपासणी येईल, परवा पालकांची सभा लागेल, आणि पहिला प्रश्न येईल की चावी शाळेत नव्हती तर होती कुठे? ताईचं नाव चार लोकांत जाईल. चालेल तुला?"

"नाही चालणार. म्हणून तर आईचं नाव लिहिलं नाही."

"आणि मी सही केली नाही तर?"

"तर हा दुसरा कागद. यावर करा. तुमच्या मसुद्याखाली मुख्याध्यापिकेची सही लागते, ती मी करणार नाही. दुसरी कुणी बघा." धाकटीने राजीनामा बोटाने मामाकडे सरकवला. सव्वीस वर्षं त्या शाळेत काढलेली बाई तो कागद असा सरकवत होती जसं काही टेबलावरचं मीठ पुढे करतेय. खरं तर ही शाळा नसेल तर सकाळी उठून जायचं कुठे, हे तिला ठाऊक नव्हतं. पण मागे फिरायचं नाही, एवढं ती ठरवूनच आली होती.

"अशी धमकी द्यायची नाही," दादा म्हणाला. "घरातली गोष्ट घरात मिटवू. आजी असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. शाळा हे घर."

झालं, आलीच ती ओळ. धाकटी वाटच बघत होती.

या घराण्यात ती ओळ ठाऊक नाही असं पोर नव्हतं. मुख्याध्यापिकेच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आजीने, म्हणजे शाळेच्या पहिल्या बाईंनी, पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलं होतं: 'शाळा हे घर. मी आई.' आजी गेली आणि खुर्चीवर आई बसली, त्याच वर्षी शेजारच्या एका बड्या असामीने शाळेच्या मैदानात खांब रोवले. आईने फाटकात खुर्ची टाकली आणि तीन आठवडे तिथूनच शाळा चालवली. सह्या तिथे, पालक तिथे, डबाही तिथेच. माणूस खांब उपटून घेऊन गेला. मग आईने आत येऊन आजीच्या ओळीखाली काळ्या अक्षरांत लिहिलं: 'शाळा ही ठेव. मी राखणदार.' तेव्हापासून रिवाज पडला. जी बसेल तिने आपली ओळ लिहायची. धाकटीची जागा चौदा महिने कोरी होती. दादा दर भेटीत टोमणा मारी, "काय मग, मी अजून भाडेकरू, असं लिहून टाक."

तिने प्रयत्न केला नव्हता असं नाही. मागच्या वर्षी मुख्याध्यापिकांचं शिबिर होतं. चाळीस जणींना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, तुम्ही शाळेत कोण आहात त्याचं चित्र काढा. निम्म्या जणी माळीण झाल्या. धाकटीला ते जमणारं नव्हतं, तिच्या हातून निवडुंगसुद्धा मेला होता. दोघी नावाडी झाल्या, एक रहदारीचा पोलीस. एकीने नुसती उशी काढली आणि म्हणाली, वरून खातं बसतं, खालून पालक ढकलतात. सगळ्या पोट धरून हसल्या. कोपऱ्यातल्या एका दोन खोल्यांच्या शाळेच्या बाईंनी खिळा काढला होता. "भिंतीतला," त्या म्हणाल्या. "जो येतो तो आपलं काहीतरी माझ्यावर अडकवून जातो. मी फक्त निघायचं नाही." तेव्हा कुणी हसलं नव्हतं. धाकटीने आपला कागद कोराच परत दिला.

"दादा," ती आता म्हणाली, "आजी शाळेला घर म्हणायची, तेव्हा पस्तीस मुलं होती. ती त्यांची नखं कापायची. तेव्हा ते खरंच घर होतं. पण घर म्हटलं की पुढचं सगळं आपोआप येतं, ते कधी पाहिलंस? घरात कुणी रजा मागत नाही. घरात कुणी पडलं तर आपण म्हणतो, नीट बघून चालायला काय झालं होतं. घरात चाव्या थोरल्या बाईकडे असतात आणि त्या मागणं म्हणजे तिला म्हातारी म्हणणं. आपण शाळेला जे म्हणतो ना, तशीच ती चालते. आपल्याला वाटतं ती नुसती कपाटावरची ओळ आहे."

"आणि राखणदार?" आई म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा. "त्याच्याबद्दलही बोल. आज बोलणार आहेस म्हणालीस."

धाकटीने आईकडे पाहिलं. पन्नाशी जवळ आली तरी आईचा तो आवाज ऐकला की तिला आपल्या बुटांची नाडी सुटलीय की काय असं वाटे. "राखणदाराने मैदान राखलं. तू नसतीस तर आज तिथे दुकानं असती. पण मग राखायची सवय लागली, आई. खडू कुलपात, चेंडू कुलपात, नकाशे कुणाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. शिडी कुलपात."

"शिडी चोरीला गेली असती."

"गेली असती तर नवी आणली असती. खुबा नवा आणता येत नाही."

"शिडीच्या खोलीची चावी मला कुणी मागितली?" आईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि ते जास्त वाईट. "एकाने तरी? दहा मिनिटांवर घर आहे. फोन आहे. भूगोलाच्या बाईंनी फोन केला असता तर मी नाही म्हटलं असतं? चौदा महिने माझी मुलगी खुर्चीवर बसलीय. तिने तरी मागितली? न मागता दिली नाही म्हणून आज मी गुन्हेगार?"

ते खरं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने स्वतःला चौदा महिने सांगितलं होतं की हा मान आहे. तो मान नव्हता, ती भीती होती. दुसऱ्या एखाद्या खोलीची चावी लागली की ती शिपायाला धाडायची आणि शिपाई परत येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसायची.

"नाही मागितली," ती म्हणाली. "भ्यायले. ते लिहिलंय मी. जबाबदारी माझी म्हणून."

"मी मागितली होती," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं बिस्किटांची बशी बोलली. दादाने कप खाली ठेवला.

"गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी. पडदा लावायचा होता." वहिनी टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होती, पण थांबत नव्हती. "मी तुम्हाला फोन केला, आई. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, कशाला? मी सांगितलं. मग विचारलंत, चढणार कोण? मग, मागच्या वेळी शिडीवर रंग सांडला होता तो कुणी पुसला? मग पडदा कुठून आणला, जुन्याला काय झालं. अर्धा तास झाला. चावी दिलीत तुम्ही. पण मी शिक्षकांच्या खोलीत परत आले आणि सगळ्यांना म्हटलं, बायांनो, ते फोन करणं माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. बाकावर स्टूल ठेवा, मस्त पोचतं. मी चढून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." तिचा चेहरा आता लाल झाला होता. "भूगोलाच्या बाईंनी तेव्हा विचारलं होतं, स्टूल डगमगत नाही ना? मी म्हटलं, पट्टकन उतरायचं. मामा, तुमच्या कागदात निष्काळजीपणा लिहायचा तर माझ्या नावाने लिहा. तो माझा शोध आहे."

"तू मला सांगितलं नाहीस हे," दादा म्हणाला.

"तू आईंना सांगितलं असतंस."

दादाला ते लागलं. त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मामा, माझ्याकडे लोक येतात ना, दात आतून किडलेला असतो आणि म्हणतात, डॉक्टर, वरून तेवढा चकचकीत करून द्या. मी नाही देत. मी धाकटीच्या बाजूने."

"वा," मामा म्हणाला. "म्हणजे नवरा-बायको एक झाले. हे या घरात पहिल्यांदाच बघतोय. ताई, तू सांग बाई. माझं लेखणी हातात घेऊन बसायचं काम."

आईने खुर्ची जराशी मागे सरकवली. धाकटीला वाटलं, आता ती उठेल आणि आत जाऊन दार लावून घेईल. तसं झालं असतं तर सगळंच संपलं असतं, कारण आईला दाराआड ठेवून जिंकलेली शाळा धाकटीला चालवता आली नसती. मग तिने चौदा महिन्यांपूर्वी करायला हवी होती ती गोष्ट केली. तिने हात पुढे केला.

"आई, सामानाच्या खोलीची चावी दे."

"कशाला?" तोंडून गेलंच. आईने ओठ मिटले. मग तिने जुडगा उचलला. एक चावी वेगळी केली, डोळ्यांजवळ नेली. "ही... नाही, ही जुन्या वाचनालयाची." दुसरी. "ही प्रयोगशाळेची. का पाण्याच्या खोलीची?" तिसरीला एक विटका लाल दोरा होता. ती तिने अंगठ्याने चोळली आणि सोडून दिली. चौथी. पाचवी. चाव्या एकमेकींवर आपटत राहिल्या आणि कुणालाच कुठे बघावं कळेना. नवव्या चावीला आईचा हात थांबला.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "कुठली कशाची. यातल्या निम्म्यांची दारंसुद्धा आता आहेत की नाहीत, मला माहीत नाही."

धाकटीने हात मागे घेतला नाही, कारण तिला वाटलं, आत्ता मागे घेतला तर ते आईला जास्त लागेल.

आईने जुडगा खाली ठेवला. "तुझा कागद आण," ती म्हणाली. "आणि ते लाल पेन. फ्रिजवर आहे."

वहिनीने पेन आणून दिलं. आईने धाकटीचा अहवाल पुढे ओढला आणि तिने आयुष्यभर पोरांचे पेपर जसे वाचले तसा तो वाचला, ओळीखाली पेनाचं टोक धरून. मामाच्या तोंडावर आशा दिसली. पहिल्या वाक्यापाशी पेन थांबलं नाही. दुसऱ्यापाशी थांबलं.

"'चावी शाळेत उपलब्ध नव्हती.' हे काय वाक्य झालं? नव्हती तर कुठे होती? चौथीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी परत दिलं असतं." तिने वरती लाल अक्षरांत घातलं आणि घालताना मोठ्याने म्हणाली, "'ती माजी मुख्याध्यापिकेच्या घरी होती.' कंसात माझं नाव घाल. पूर्ण नाव. आणि जबाबदारी 'माझी' खोड, 'आमची' कर. दोन सह्या. एकटीने सगळं डोक्यावर घ्यायची हौस आजीला होती, त्यातून तिचं काय झालं ते पाहिलंय मी."

"ताई," मामा म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की म्हातारीने चाव्या धरून ठेवल्या होत्या. धरल्याच होत्या." तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. "स्वच्छ प्रत काढली की सही कर. आणि वाचून कर. तुझ्या मसुद्यात तीन ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत."

मग तिने राजीनामा उचलला. तिने तो फाडला असता तर नाटक झालं असतं, आणि आईला नाटक कधी आवडलं नाही. तिने तो पालथा केला. मागची बाजू कोरी होती, आणि एका बाजूने कोरा कागद आईच्या घरात आजवर वाया गेला नव्हता. तिने वर लिहिलं, 'चाव्या', त्याखाली रेघ मारली आणि एक ते तेवीस आकडे घातले. "चल," ती धाकटीला म्हणाली. "एकेक लावून बघू."

दुपारी शाळा रिकामी होती. मायलेकी एकेका दारापाशी थांबत गेल्या. आई चावी लावी, धाकटी आकड्यासमोर लिही. प्रयोगशाळा. पाण्याची खोली. चार चाव्या कशालाच लागल्या नाहीत आणि त्यांच्यापुढे धाकटीने फुली मारली. विटक्या लाल दोऱ्याची चावी मैदानाच्या जुन्या फाटकाची असणार, असं आई चालता चालता म्हणाली. ते फाटक काढून सोळा वर्षं झाली होती. सामानाच्या खोलीला सतरावी चावी लागली. आतून धुळीचा वास आला. शिडी भिंतीशी उभी होती, एका पायरीवर तोच जुना रंगाचा डाग.

"पुसलाच नाही शेवटी," आई म्हणाली.

त्यांनी दोघींनी मिळून ती वरच्या मजल्यावर नेली. नकाशे अजून त्या कपाटाच्या डोक्यावरच होते. बारा दिवसांत त्यांना हात लावायचं धाडस कुणाला झालं नव्हतं. बाक कुणीतरी जागेवर ढकलला होता, तोकड्या पायाचं स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. धाकटीने शिडी उघडली आणि सवयीने आईच्या हाताकडे पाहिलं. हात रिकामे होते. जुडगा खाली सामानाच्या खोलीच्या कुलपात लटकत राहिला होता आणि आईला त्याची आठवण झालेली दिसत नव्हती.

"चढ," आई म्हणाली. "मी धरते."

"तुझ्याने होईल?"

"तू चढ तर."

धाकटी चढली. चौथ्या पायरीवर शिडी जराशी हलली आणि तिच्या पाचावर धारण बसली. भूगोलाच्या बाईंना पडताना काय वाटलं असेल ते तिला त्या एका क्षणात कळलं. तिने खाली पाहिलं. आईने दोन्ही हातांनी शिडी पकडली होती, एक पाय खालच्या पायरीला टेकवून भार दिला होता आणि मान वर करून ती फक्त धाकटीच्या पायांकडे बघत होती. कशाला, कोण, कितीदा, काही विचारत नव्हती. धाकटीने आईला इतकं गप्प आणि इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं.

"हलणार नाही आता," खालून आई म्हणाली. "घे नकाशे."

नकाशे एकही फाटला नव्हता. धाकटीने ते एकेक करून खाली दिले, मग शेवटच्या पायरीवरून उतरून ती सरळ मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली, कपाट उघडलं आणि टेबलावरचा खडू घेतला.

"खडूने?" मागून आई आली होती, धापा टाकत. "पुसून जाईल."

"पुढचीला पुसता यायला हवं," धाकटी म्हणाली, आणि दोन ओळींखाली तिसरी लिहिली: 'शाळा ही शिडी. मी धरणारी.'

आईने ती ओळ लाल पेनाने तपासल्यासारखी वाचली. चूक सापडली नाही. मग तिने उजवा हात मानेमागे नेला आणि हळूहळू चोळत म्हणाली, "धरणारीला सारखं वर बघावं लागतं. मान फार दुखते, सांगून ठेवते."